पाचगणीत बिऱ्हाड हलवायचंय? आधी एक जुलै काढा

निवृत्तीनंतर पाचगणीत कायमचं राहायला यायचा विचार बहुतेकांच्या मनात डिसेंबरात येतो. सिडनी पॉइंटवर कोवळं ऊन असतं, खाली धोम धरणाचं पाणी चमकत असतं, हातात क्रीम घातलेल्या स्ट्रॉबेरीचा ग्लास असतो आणि पुण्याच्या फ्लॅटचे किती येतील याचा हिशेब तिथेच सुरू होतो. हिशेब खुशाल करा, फक्त टोकन देऊ नका. पुढच्या जुलैत तीन आठवडे भाड्याने घर घ्या. कपडे, औषधं, रोजची भांडी गाडीत टाका आणि संसार मांडल्यासारखे राहा: घरीच स्वयंपाक, घरीच कपडे धुणं, रोज फिरायला जाणं. हॉटेलात राहून काही कळत नाही, कारण तिथे ओले टॉवेल दुसरं कुणीतरी वाळवत असतं.

तसं निवृत्तांचं गाव ही पाचगणीची जुनीच ओळख. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने हे ठाणं वसवलं ते याच हेतूने. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगं नव्हतं, आणि वर्षभर राहता येईल अशी थंड जागा इंग्रजांना हवी होती. गावातले उंच सिल्व्हर ओक त्याच काळातल्या लागवडीची आठवण. चेसनची कबरही इथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. पुढे हवेच्याच भरवशावर निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आलं. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीला इथे आले, तेही नेमके जुलैत. म्हणजे जुलै निभतो. तो कशाच्या जोरावर निभतो, ते आधी समजून घ्यायला हवं.

घर गावाच्या कोणत्या टोकाला?

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर, महाबळेश्वरपासून १९-२० किलोमीटर पूर्वेला. पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर रिकामे होत होत इकडे सरकतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून १२ किलोमीटरवरच्या वाईत त्याहूनही कितीतरी कमी. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक पडत असल्यामुळे दोन-तीन किलोमीटरही मोजावे लागतात. महाबळेश्वरकडच्या गुरेघर-भिलारच्या बाजूचं घर वाईकडच्या दांडेघरच्या बाजूच्या घरापेक्षा जास्त भिजतं आणि जास्त दिवस धुक्यात असतं. एजंट ‘महाबळेश्वर रोडला, एकदम शांत’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पावसाच्या भाषेत लावून घ्या.

घर बघताना चार गोष्टी तपासा. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत उघडी आहे का? वाऱ्याबरोबर आडवी झड येते ती याच भिंतींवर. आतल्या बाजूने जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीवर हात फिरवा. रंगाचे पोपडे हाताला आले, किंवा तेवढ्याच पट्ट्याला नवा रंग दिलेला दिसला, तर ओल खालून चढते आहे. कडेला खोरं असेल तर देखावा सुंदर, पण वारा बेफाम. गावाच्या एका अंगाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या अंगाला कुडाळीचं, त्यामुळे कड्यावरच्या घरांच्या खिडक्या रात्रभर वाजतात. चौथी गोष्ट पायऱ्यांची. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजा, आणि त्या पायऱ्यांवरून स्ट्रेचर खाली आणता येईल का, तेही बघा. साठाव्या वर्षी चाळीस पायऱ्या हा व्यायाम असतो. पंच्याहत्तरीत त्याच पायऱ्या घराबाहेर पडू देत नाहीत.

शेजारी कोण आहे ते शनिवारी रात्री दहा वाजता जाऊन बघा. गावातले कितीतरी बंगले आता शनिवार-रविवारसाठी भाड्याने जातात. सोमवारी सकाळी बघितलेलं शांत घर शनिवारी रात्री स्पीकरच्या भिंतीला भिंत लावून उभं असतं.

आधी भाड्याने, आणि करार नीट

विकत घेण्याआधी किमान एक पावसाळा आणि एक मे महिना भाड्याने काढा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. ऑनलाइन होतो, आणि नोंदवलेल्या कराराशिवाय गॅसच्या पत्त्यापासून बँकेपर्यंत सगळं अडतं. इथला खास घोळ वेगळाच. बऱ्याच मालकांना भाडेकरू जून ते सप्टेंबर हवा असतो आणि दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात घर रिकामं हवं असतं, कारण तेव्हा पर्यटक एका रात्रीचे जे देतात ते तुमच्या आठवड्याच्या भाड्याएवढं असतं. म्हणून ‘अकरा महिने सलग ताबा, मधल्या काळात घर रिकामं करून मागणार नाही’ हे वाक्य करारात लिहून घ्या. तोंडी ‘अहो, आपलंच घर समजा’ यावर विसंबू नका. छताची दुरुस्ती, पाण्याचा टँकर आणि बागकाम कोणाकडे, हेही त्यातच येऊ द्या.

विकत घ्यायचं तर कागद

महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. बांधकाम, डोंगर कापणं, झाड तोडणं, विहीर-बोअर घेणं या सगळ्यावर इतर गावांपेक्षा कडक बंधनं आहेत. ‘वरचा मजला नंतर चढवा’ असं कुणी सहज म्हणालं तर त्याच्या म्हणण्याला शून्य किंमत द्या आणि बांधलंय तेवढंच घर धरा. तेवढंच तरी मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, ते नगरपरिषदेतून ताडून बघा.

गावठाणात आणि नगरपरिषदेच्या हद्दीत प्रॉपर्टी कार्ड बघायचं, बाहेर सातबारा आणि आठ-अ. सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव वाचून थांबू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, तिथे वन, कूळ, बोजा, वारस असं काहीही निघू शकतं. भोगवटादार वर्ग-२ असेल तर विक्रीला परवानगी लागते. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, मग ती कितीही ‘लवकरच एनए’ (बिगरशेती) होणार असो. जुन्या बंगल्यांच्या बाबतीत आणखी एक पाचर असते. त्यातल्या बऱ्याच जागा सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं आहे का, शर्तभंगाची नोटीस आहे का, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि झोन दाखला वकिलाकडून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

मे महिन्यातली कामं

पावसाळ्याची तयारी पाऊस दिसल्यावर करता येत नाही, कारण तेव्हा गावातला प्रत्येक गवंडी आणि कौलं घालणारा माणूस दुसऱ्या कुणाच्यातरी छतावर असतो. एप्रिलच्या शेवटी माणूस ठरवा, २५ मेच्या आत काम उरका.

पहिली शाकारणी. मंगलोरी कौलं असतील तर तडकलेली आणि सरकलेली बदलायची, आढ्यावरची कोन्याची कौलं पुन्हा मसाल्यात बसवायची. पन्नास-साठ जादा कौलं घरामागे रचून ठेवा. जुन्या मापाची कौलं नंतर मिळत नाहीत, आणि नवं कौल जुन्यात नीट बसलं नाही की त्या फटीतूनच पाणी येतं. माकडं हे इथल्या कौलांचं दुसरं दुखणं. छतावर उडी मारतात आणि दोन कौलं सरकवून जातात, त्यामुळे जूनच्या मध्यात एकदा पुन्हा बघावं लागतं.

दुसऱ्या पन्हाळी. सिल्व्हर ओकची पानं वर्षभर गळतात आणि पन्हाळीत त्यांचा गच्च गाळ बसतो. पन्हाळ तुंबली की पाणी उलटं भिंतीत उतरतं आणि लोक छप्पर गळतंय म्हणून छपरावर खर्च करत बसतात. पन्हाळ साफ झाली की वरून बादलीभर पाणी ओता, ते खालच्या पाइपातून लगेच आलं पाहिजे. याच झाडाच्या फांद्या ठिसूळ असतात, वादळात कडाडून मोडतात. घरावर किंवा विजेच्या तारांवर आलेली फांदी छाटायची असेल तर नगरपरिषदेकडे लेखी अर्ज मार्चमध्येच द्या. परवानगीशिवाय कोयता चालवलात तर फांदीपेक्षा दंडाचा भार जास्त होतो.

तिसऱ्या भिंती. इथली जुनी घरं जांभ्याची. जांभा पाणी पितो आणि सोडतो, त्याला श्वास घेऊ द्यावा लागतो. वरून सिमेंटचा गिलावा आणि गुळगुळीत प्लॅस्टिक इमल्शन चढवलं की आत शिरलेलं पाणी अडकतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंग फुगून फुग्यासारखा सुटतो. मग रंगारी पुन्हा तोच रंग देतो. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी बरी. दिसायला साधी दिसते, दरवर्षी द्यावी लागते, पण भिंत वाचते. झडीच्या भिंतींना गवताच्या ताट्या किंवा जाड प्लॅस्टिक बांधायची इथली जुनी पद्धत आहे. प्लॅस्टिक बांधलंत तर भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून बांधा, चिकटवलंत तर आत बुरशीची शेतीच होते.

जुलैतलं घर

आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही आणि हवेतली आर्द्रता नव्वदच्या वर असते. सगळं घर कोरडं ठेवायचा प्रयत्न करू नका, ते जमत नाही आणि वीज फुकट जाते. एकच खोली कोरडी ठेवा. साधारण दहा बाय अकराची, एका खिडकीची, दार घट्ट बसणारी खोली निवडा. त्यात डीह्युमिडिफायर, कपड्यांची दोरी, कपाट आणि कागदपत्रं. यंत्र घेताना एक मेख लक्षात ठेवा: डब्यावर ‘दिवसाला २० लिटर’ लिहिलेलं असतं ते बहुधा ३० अंश तापमानाचं माप असतं. इथे जुलैत खोलीत वीस-एकवीस अंश असतात, म्हणून निम्मंच धरा. १० लिटरचं यंत्र घेतलंत तर दोन माणसांचे कपडे वाळता वाळत नाहीत. २० लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. रोज आठ तास चालवलं तर दिवसाला २.८ युनिट, महिन्याला ८४. सांडपाण्याचा पाइप बाहेर काढून द्या, नाहीतर टाकी भरली की यंत्र पहाटे आपोआप बंद पडतं आणि सकाळी कपडे तसेच ओले.

कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती अजूनही उत्तम चालते, मात्र बल्ब पिवळा, तारेचा हवा. एलईडी लावून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. फरक पडणार कसा? काम उजेडाचं नाही, उष्णतेचं आहे. १५ वॉटचा बल्ब, भोवती जाळीचा पिंजरा, कपड्यांपासून निदान नऊ इंच लांब.

म्हातारपणाच्या खास वस्तूंना ओल जास्त बाधते आणि हे कुणी सांगत नाही. श्रवणयंत्र रात्री सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा, नाहीतर आठवडाभरात खरखर सुरू होते. शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण अर्धा दिवस उघडं राहिलं तरी आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरतो. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या. आठवड्याच्या खणांच्या डबीत काढून ठेवल्या तर त्यातल्या काही मऊ पडतात. डबी भरायचीच तर दोन दिवसांपुरती भरा.

आणि शेवाळ. पाचगणीत निवृत्तांना सगळ्यात मोठा धोका बिबट्याचा किंवा गव्याचा नाही, दारातल्या पायरीचा आहे. पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून पायऱ्यांवर ओता, पंधरा मिनिटं थांबा, ताठ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पायरीच्या एका बाजूला लोखंडी कठडा लावून घ्या. जांभ्याच्या फरशीवर चप्पल नकोच, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घाला.

पाणी, वीज, गॅस

पाचगणीला पाणी येतं ते महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावरून. मे महिन्यात तलावातलं पाणी उतरतं आणि नेमके तेव्हाच पर्यटक सर्वांत जास्त असतात, त्यामुळे दाब कमी होतो. दिवसाला माणशी १३५ लिटर धरलं तर दोघांना २७० लागतात, म्हणजे २,००० लिटरच्या टाकीत आठवडा निघतो. पाहुणे आले की दोन दिवस. खाली साठवण टाकी आणि वर गच्चीची टाकी, अशा दोन असतील तर मे बिनघोर जातो. छपराचं पाणी साठवायचा उत्साह सगळ्यांना असतो. हिशेब सोपा आहे: १०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. ५० मिलिमीटरच्या एका दिवसात गळती-उडणं वजा जाता चार हजार लिटर सहज. पण ते मिळतं जुलैत, जेव्हा नळालाही पाणी असतं. मेपर्यंत टिकवायला प्रचंड टाकी लागेल, म्हणून ते पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोडणं जास्त शहाणपणाचं.

वादळात फांदी पडली की वीज जाते, आणि धुक्यात दुरुस्तीला वेळ लागतो. १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२ व्होल्टने १,८०० वॉट-तास असतात; तूट धरून हाताशी ११००-११५० येतात. चार एलईडी दिवे, राउटर आणि फोन मिळून १०० वॉट धरले तर अकरा तास. पंखा इथे लागत नाही, ही बचत. फ्रिज आणि गिझर इन्व्हर्टरवर टाकू नका.

गॅसचे दोन सिलिंडर हवेतच. गॅस गिझर लावणार असाल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत. बंद न्हाणीघरात आत बसवलेल्या गॅस गिझरमुळे तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि आतून कडी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हा कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत नेणं हा त्याच मृत्यूचा दुसरा रस्ता. विजेचा हीटर लावा, पायात मोजे घाला, रात्री गरम पाण्याची पिशवी घ्या.

डाळ शिजत का नाही

आल्या-आल्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. १,३०० मीटरवर पाणी साधारण साडेपंच्याण्णव अंशांना उकळतं. उघड्या भांड्यातला भात, अंडी, छोले यांना वेळ जास्त लागतो. विस्तव मोठा केल्याने फक्त पाणी आटतं, तापमान वाढत नाही. डाळी-कडधान्यं कुकरमध्येच लावा आणि नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त द्या. जुन्या डाळीने मात्र कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाद दिली नाही, तर दोष उंचीचा नाही, दुकानदाराचा.

पावसाळ्यात धान्य महिन्यापुरतंच भरा. रवा, शेंगदाणे भाजून ठेवा, पीठ पंधरा दिवसांचं दळा. मोठी खरेदी वाईला: किराणा, भाजी, इलेक्ट्रिकचं सामान सगळं तिथे पाचगणीपेक्षा स्वस्त आणि निवडीला जास्त.

दवाखाना आणि घाट

निव्वळ उंचीचा त्रास १,३०० मीटरवर सहसा होत नाही. त्रास होतो ओलीचा. दमा, जुनाट सर्दी आणि सांधेदुखी असणाऱ्यांनी वर सांगितलेला जुलै वैद्यकीय चाचणी समजून काढावा. त्या तीन आठवड्यांत दम्याचा पंप जास्त वेळा लागला तर घर वाईत घ्या आणि पाचगणीला फिरायला या. क्षयरोगासाठी सुरू झालेलं बेल-एअर रुग्णालय आता सर्वसाधारण उपचार करतं आणि गावाला मोठा आधार आहे. पण अँजिओप्लास्टी, मेंदूतला झटका यांसाठी साताऱ्याला किंवा सुमारे १०० किलोमीटरवरच्या पुण्याला जावं लागतं, हे मान्य करूनच इथे यायचं. हृदयरोग आधीच असेल तर आपल्या डॉक्टरला स्पष्ट विचारा: ‘मला मोठं रुग्णालय दीड तास लांब चालेल का?’

दाराच्या मागे एक कागद चिकटवा: १०८, जवळच्या डॉक्टरांचा नंबर, रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या दोन ड्रायव्हरांचे नंबर, तुमची औषधं आणि ॲलर्जी. घराचा पत्ता ‘अमुक शाळेच्या गेटसमोरून डावीकडे, तिसरा लाल गेट’ असा लिहा. अंधारात धुक्यात फोनवर बोलणाऱ्या पाहुण्याला दुसरं काही सुचत नाही. औषधं महिन्याची जास्तीची ठेवा, कारण दरड कोसळली की रस्ता बंद होतो.

वाईकडे जाणारा पसरणी घाट स्वतः गाडी चालवून उतरणार असाल तर दुसऱ्या गिअरवर उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर तळाशी जळका वास येतो आणि ब्रेक निसटू लागतात. धुक्यात हेडलाइट लांबचा लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर संध्याकाळनंतर घाट टाळाच. एसटी मात्र मस्त सोय आहे. वाई-पाचगणी-महाबळेश्वर अशा फेऱ्या दिवसभर असतात. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आधार कार्ड खिशात हवं. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, त्यासाठी पुण्याची फेरी मारायची गरज नाही. आधार फेस ॲपने मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरबसल्या होतो. फक्त खिडकीजवळ उजेडात बसा, दिवा पाठीमागे असेल तर ॲप चेहरा ओळखत नाही.

दिवस कसा काढायचा

टेबललँड सकाळी आठच्या आत. जांभ्याचं ते अफाट पठार तेव्हा वारा आणि चंडोलांचं असतं, दहानंतर घोड्यांचं आणि धुळीचं. सप्टेंबरात कातळावर बारीक फुलांचे गालिचे येतात, त्या दिवसांत शेवाळलेल्या कातळावर काठी घेऊनच चाला. कड्यापासून दहा पावलं आत राहा, धुक्यात कडा दिसत नाही. सिडनी पॉइंट बाजारपेठेपासून चालत जाता येण्याजोगा आहे. समोर धोम धरण, वाई, पांडवगड; हिवाळ्यातली संध्याकाळ तिथे घालवावी. राजपुरीच्या लेण्यांतलं कार्तिकस्वामींचं देवस्थान आणि तिथली पाण्याची कुंडं वाऱ्याच्या दिवशी बरी, कारण आत थंडावा आणि आडोसा दोन्ही.

वाचणाऱ्याला भिलार पुरतं. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत, देवळात, शाळेत विषयवार मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, जाऊन बसायचं आणि वाचायचं. शनिवार-रविवारी फोटो काढणारे जास्त असतात, मंगळवार-बुधवारी जा, चहा सांगा आणि कादंबरी संपवूनच उठा. मे महिन्यात वाईची वसंत व्याख्यानमाला असते, मेणवलीचा वाडा आणि ढोल्या गणपतीचा घाट तर बारमाही.

नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीची सुट्टी आणि एप्रिल-मेचे शनिवार-रविवार गाडी बाहेर काढूच नका. त्या दिवसांचं दूध, भाजी, औषध गुरुवारीच आणून ठेवा. आणि पाहुणे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक मे महिन्यात नात्यातलं कुणीतरी ‘सहज दोन दिवस’ येतं. घरात पाहुण्यांची खोली एकच ठेवा, हे फार उपयोगी पडतं.

परसातली स्ट्रॉबेरी

बाजारातली स्ट्रॉबेरी घेताना देठाच्या टोपीखाली बघा. तिथे पांढरं असेल तर फळ अर्धकच्चं तोडलंय, घरी ठेवून ते लाल होईल पण गोड होणार नाही. धुवून फ्रिजमध्ये ठेवू नका, कागदावर एका थरात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. जॅमला किलोभर फळाला ७०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. पुस्तकातलं १०५ अंशांचं माप मैदानातलं आहे, इथे शंभर-एकशे एक अंशांनाच जॅम आळतो. १०५ ची वाट बघत बसलात तर टॉफी होते.

चार वाफे घरी लावायला सोपे आहेत आणि गुडघ्यांना जमतात. गणपती उठले की स्थानिक शेतकऱ्याकडून रोपं घ्या. माती वीस सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर चढवा, शेणखत चांगलं कुजलेलं. रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. सगळा खेळ एका गोष्टीचा आहे: रोपाचा कोंब, जिथून पानं फुटतात तो गड्डा, बरोबर मातीच्या पातळीला यायला हवा. बोटभर खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. दहापैकी आठ मेलेली रोपं खोल लावलेली निघतात. लावून झाल्यावर पाणी द्या, माती बसेल, मग पुन्हा एकदा वाकून प्रत्येक कोंब बघा. पहिले तीन-चार आठवडे आलेली फुलं खुडून टाका, खाली काळं प्लॅस्टिक किंवा गवत अंथरा म्हणजे फळ मातीला टेकत नाही. डिसेंबरपासून रोज वाटीभर मिळतात. त्यावर जाळी घाला, नाहीतर त्या बुलबुल आणि माकडांच्या वाट्याला जातात.